झाडावर न चढता झाडाची उंची
(रेडिओवरील शेतकरी कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, हा तर शाळेतला विषय, आमचा याच्याशी काय संबंध? विषय आहे त्रिकोणमितीचा. नाव जड आहे, पण काम अगदी हलकं आहे. जी गोष्ट हाताने मोजता येत नाही, ती जमिनीवर उभं राहून मोजायची, एवढंच ते काम. झाडाची उंची, टाकीची उंची, विहिरीपासून वरच्या शेतापर्यंतचा चढ, या गोष्टी आपल्याला रोज लागतात आणि बहुतेक वेळा आपण त्या नजरेने ठरवतो. नजरेचा अंदाज चुकला तर नुकसान आपलंच होतं.

कसं ते पाहा. समजा, बांधावर नीलगिरीचं झाड आहे. गोठ्यापासून ते ४० फुटांवर आहे. झाड तोडायचं ठरलं. बघणारा म्हणाला, "असेल पस्तीस फूट, गोठ्यापर्यंत यायचं नाही." झाड खरं ४७ फूट निघालं आणि नेमकं त्या बाजूला पडलं, तर शेंड्याकडचे ७ फूट गोठ्याच्या पत्र्यावर. आत जनावर बांधलेलं असेल तर पुढचं सांगायला नको. उभं झाड खालून पाहताना ते आहे त्यापेक्षा आखूड वाटतं, हा पुष्कळांचा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट विक्रीची. व्यापारी उभ्या झाडाचा सौदा करतो. तो रोज झाडं बघतो, त्याची नजर तयार असते. आपण वीस वर्षांत एकदा विकतो. खोड ४० फुटांचं असताना ३० फूट धरून सौदा झाला, तर झाडामागे १० फूट लाकूड फुकट गेलं. म्हणून सौद्याआधी आपलं माप आपल्याजवळ असावं.

आता मापाच्या रीती सांगतो. सोपी रीत आधी, मग थोडी कठीण.

रीत पहिली : सावलीची

ऊन चांगलं पडलेलं असावं आणि जमीन सपाट असावी. एक सरळ काठी जमिनीत उभी रोवा. ती वाकडी नाही ना, हे गवंड्याच्या ओळंब्याने पाहा. जमिनीच्या वर काठी किती फूट राहिली ते मोजा. मग काठीची सावली मोजा आणि लगेच झाडाची सावली मोजा. मध्ये चहाला जाऊ नका, कारण सावली सरकत असते.

समजा काठी ४ फूट आहे आणि तिची सावली ५ फूट पडली. झाडाची सावली ५५ फूट भरली. आता हिशेब असा : ५ फूट सावलीला ४ फूट उंची, तर ५५ फूट सावलीला किती? ५५ गुणिले ४ म्हणजे २२०, भागिले ५, उत्तर ४४ फूट. हे नुसतं त्रैराशिक आहे. काठी आणि तिची सावली, झाड आणि त्याची सावली, हे दोन त्रिकोण सारख्या आकाराचे आहेत, एक लहान आणि एक मोठा. म्हणून हा हिशेब जमतो.

इथे दोन गोष्टी सांभाळा. झाडाची सावली खोडाच्या मध्यापासून धरायची. टेप बुंध्याच्या सालीपासून लावला असेल तर खोडाच्या जाडीचा निम्मा भाग त्यात मिळवा. दुसरं म्हणजे, आंबा, वड, चिंच अशा पसरट झाडांची सावली दुपारी मोजू नका. सूर्य डोक्यावर असताना सावलीची कड शेंड्याची नसते, बाजूच्या फांदीची असते. सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी चारनंतर मोजलं म्हणजे शेंड्याची सावली वेगळी ओळखता येते.

ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या 'लीलावती' ग्रंथात सावलीच्या गणिताचं वेगळं प्रकरणच आहे. त्यांच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख आपल्या जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटण इथे आहे. तेव्हा हे गणित परक्याचं आहे असं समजू नका.

रीत दुसरी : गुण्याची

पावसाळ्यात ऊन नसतं. दाट झाडीत एका झाडाची सावली वेगळी दिसत नाही. अशा वेळी मुलाच्या कंपासपेटीतला गुण्या घ्या. पेटीत दोन गुण्ये असतात. त्यातला ज्याच्या दोन बाजू सारख्या आहेत तो आपल्याला हवा. तो नसेल तर सगळ्या बाजू सारख्या असलेला जाड चौकोनी कागद कोपऱ्याला कोपरा लावून दुमडा, तसाच त्रिकोण तयार होतो.

गुण्याचं एक निमुळतं टोक डोळ्याजवळ धरा. एक आखूड बाजू आडवी राहील आणि दुसरी आखूड बाजू झाडाच्या अंगाला उभी राहील, असा तो धरायचा. वरच्या टोकाला दोरा बांधून त्याला बोल्ट किंवा खडा लटकवा. दोरा उभ्या बाजूच्या बरोबर कडेने लोंबला की गुण्या सरळ आहे. आता तिरप्या बाजूवरून वर बघा आणि झाडापासून मागे-पुढे सरका. ज्या जागी तिरपी बाजू थेट शेंड्याला लागते, तिथे थांबा.

त्या जागेपासून खोडापर्यंतचं अंतर मोजा. समजा ३८ फूट आलं. तर तुमच्या डोळ्याच्या वर झाड ३८ फूट आहे. पायापासून डोळ्यापर्यंतची उंची त्यात मिळवा. ती ५ फूट असेल तर झाड ४३ फूट. ही डोळ्याची उंची मिळवायला पुष्कळ जण विसरतात. ती विसरली की ५ फुटांची चूक झालीच. आणि आपली सबंध उंची मिळवायची नाही, डोळ्यापर्यंतचीच मिळवायची.

असं का होतं? गुण्याचा तो कोन ४५ अंशांचा आहे. ४५ अंशांवर जेवढं अंतर तेवढीच उंची. शाळेत शिकवतात की ४५ अंशांचा टॅन १ असतो, त्याचा अर्थ एवढाच.

रीत तिसरी : कोनमापकाची

कधी ४५ अंशांच्या जागी विहीर असते, कुंपण असतं नाहीतर शेजाऱ्याचं उभं पीक असतं. तिथे उभं राहता येत नाही. मग कंपासपेटीतला अर्धगोल कोनमापक घ्या. त्याच्या सरळ बाजूच्या मध्यबिंदूला दोरा बांधा आणि दोऱ्याला वजन लावा. सरळ बाजू वर आणि गोल बाजू खाली ठेवा. सरळ बाजूवर एक पोकळ नळी दोऱ्याने पक्की बसवा. पेनाची रिकामी नळीही चालते. झालं यंत्र तयार.

नळी आडवी असली की दोरा ९० वर लोंबतो. नळीतून शेंड्याकडे पाहिलं की दोरा ९० पासून सरकतो. जितके अंश सरकला तितका शेंड्याचा कोन. दोरा ५५ वर आला तर ९० वजा ५५, म्हणजे ३५ अंश. एकाने नळीतून बघावं आणि दुसऱ्याने दोऱ्याचा आकडा वाचावा. वाऱ्यात दोरा हलतो, म्हणून सकाळी वारा पडलेला असताना हे काम करावं. मोबाईलमध्ये कोन दाखवणारी सोय असेल तर तीही चालेल, हिशेब तोच राहतो.

आता पुढचा तक्ता कापून भिंतीला चिकटवा. १०० फूट अंतरामागे किती उंची धरायची, ते त्यात दिलं आहे.

१० अंश : १८ फूट
१५ अंश : २७ फूट
२० अंश : ३६ फूट
२५ अंश : ४७ फूट
३० अंश : ५८ फूट
३५ अंश : ७० फूट
४० अंश : ८४ फूट
४५ अंश : १०० फूट
५० अंश : ११९ फूट
५५ अंश : १४३ फूट
६० अंश : १७३ फूट

गोठ्याजवळची ती नीलगिरी घेऊ. तुम्ही झाडापासून ६० फुटांवर उभे आहात आणि कोन ३५ अंश आला. तक्त्यात ३५ समोर ७० आहे. ६० गुणिले ७०, भागिले १००, म्हणजे ४२ फूट. डोळ्याची उंची ५ फूट मिळवली की ४७ फूट. गोठा ४० फुटांवर. म्हणजे झाड गोठ्यावर पोचतं, हे कुऱ्हाड लावण्याआधीच कळलं. आता आधी वरचा भाग उतरवून घ्यायचा की दोर बांधून उलट बाजूला ओढायचं, हे शांतपणे ठरवता येईल.

जमीन उताराची असेल तर एकाऐवजी दोन कोन घ्या. तुम्ही चढाच्या अंगाला उभे आहात आणि झाडाचा बुंधा तुमच्या डोळ्याच्या खाली आहे. तर आधी शेंड्याचा कोन घ्या, मग खाली बघून बुंध्याचा कोन घ्या. दोन्हींच्या उंच्या काढा आणि बेरीज करा. अंतर ५० फूट, वरचा कोन ४० अंश तर ४२ फूट, खालचा कोन १० अंश तर ९ फूट, एकूण ५१ फूट. इथे डोळ्याची उंची वेगळी मिळवायची नाही, ती खालच्या कोनात आलेलीच असते. तुम्ही खोलगटात असाल आणि बुंधासुद्धा डोळ्याच्या वर असेल, तर बेरीज न करता वजाबाकी करा. आणि अंतर मोजताना टेप उतारावर लोळवू नका. तो आडवा ताणून धरा, लागलं तर तुकड्या-तुकड्याने मोजा.

बुंध्यापर्यंत जाता येत नसेल तर

झाड नाल्यापलीकडे आहे किंवा टाकीभोवती कुंपण आहे, अंतर मोजताच येत नाही. मग काय करायचं? यालाही तोड आहे. आधी ४५ अंशांची जागा शोधा आणि तिथे खुंटी ठोका. मग त्याच सरळ रेषेत मागे मागे जा, जोवर कोन साडेसव्वीस अंश होतो, म्हणजे दोरा साडेत्रेसष्टवर येतो. तिथे दुसरी खुंटी. दोन खुंट्यांमधलं अंतर जेवढं, तेवढी डोळ्याच्या वरची उंची. त्यात डोळ्याची उंची मिळवा, की झालं. साडेसव्वीस अंशांवर अंतर उंचीच्या दुप्पट असतं आणि ४५ अंशांवर उंचीइतकंच असतं. दुपटीतून एकपट गेली, एकपट उरली. फक्त दोन्ही खुंट्यांची जमीन झाडाच्या बुंध्याच्या पातळीत असावी.

याच गणिताने, पण फार मोठ्या यंत्रांनी, हिमालय मोजला गेला. भारताची त्रिकोणमितीय पाहणी १८०२ मध्ये मद्रासकडून सुरू झाली. पुढे बिहारच्या मैदानातून, शंभर मैलांहून अधिक अंतरावरून, शिखरांचे कोन घेतले गेले. राधानाथ सिकदार या बंगाली गणितज्ञाने १८५२ मध्ये आकडेमोड करून जगातलं सर्वांत उंच शिखर कोणतं ते दाखवून दिलं. १८५६ मध्ये त्याची उंची २९,००२ फूट म्हणून जाहीर झाली. त्याच शिखराला आज आपण एव्हरेस्ट म्हणतो. २०२० मध्ये नव्या साधनांनी मोजून ८,८४८.८६ मीटर हा आकडा जाहीर झाला. दोन्हींत फरक सुमारे ३० फुटांचा. शंभर मैलांवरून शिखर मोजता येतं, तर साठ फुटांवरून नीलगिरी का नाही मोजता येणार?

चुका कुठे होतात

पहिली चूक, झाडाच्या फार जवळ उभं राहणं. जवळून पाहिलं की कोन मोठा होतो आणि एका अंशाची चूक उंचीत फार वाढते. ४५ अंशांच्या आसपास ती सर्वांत कमी राहते. म्हणून झाड जेवढं उंच वाटतं तेवढ्या तरी अंतरावर जा. पसरट झाडाच्या बाबतीत आणखी एक फसगत आहे. जवळून दिसते ती पुढची फांदी, आणि आपण तिलाच शेंडा समजतो.

दुसरी चूक कललेल्या झाडाची. तुमच्याकडे कललेलं झाड हिशेबात जास्त उंच येतं, पलीकडे कललेलं कमी येतं. झाड पूर्वेला कललं असेल तर उत्तरेकडून किंवा दक्षिणेकडून मोजा.

तिसरी गोष्ट ताळा पाहण्याची. यंत्र केल्यावर लगेच झाडाकडे जाऊ नका. आधी घराची भिंत टेपने मोजा आणि मग यंत्राने मोजा. दोन्ही आकडे जुळले तर यंत्र बरोबर. आणि कोणतंही झाड दोन जागांवरून मोजा. दोन उत्तरांत दोन-तीन फुटांहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा मोजा.

लाकडाचा हिशेब

सौद्यासाठी शेंड्यापर्यंतची उंची कामाची नाही. इमारती लाकूड खोडात असतं. म्हणून नळी शेंड्याला न लावता जिथे पहिली मोठी फांदी फुटते तिथे लावा. खोडाची लांबी मिळते. मग दोरीने खोडाचा घेर मोजा. छातीइतक्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून साडेचार फुटांवर घेर घेण्याचा रिवाज आहे. पण खोड वर निमुळतं होत जातं, म्हणून हिशेबाला ओंडक्याच्या मधला घेर धरतात.

व्यापारात पुष्कळ ठिकाणी चौथाई घेराची रीत चालते. घेराचा चौथा भाग घ्यायचा, त्याला त्यानेच गुणायचं आणि मग लांबीने गुणायचं. मधला घेर ४ फूट असेल तर चौथाई १ फूट. १ गुणिले १ गुणिले लांबी १५ फूट, म्हणजे १५ घनफूट. गोल ओंडक्याचं खरं माप मात्र १९ घनफूट भरतं. म्हणजे या रीतीत सुमारे पाचवा हिस्सा आधीच सोडलेला असतो. वर कोणी "साल जाईल, चिरताना वाया जाईल" म्हणून पुन्हा तूट मागू लागला, तर हे ध्यानात ठेवून बोला.

तोडण्याआधी परवानगीचंही बघा. १९६४ च्या महाराष्ट्रातल्या झाडतोडीच्या कायद्यात साग, आंबा, चिंच अशा ठरावीक झाडांची यादी आहे. ती आपल्या मालकीच्या जमिनीत असली तरी परवानगी लागते. वनखात्याच्या कचेरीत चौकशी केल्याशिवाय कुऱ्हाड लावू नका.

पंपासाठी चढ मोजणं

आता शेवटचा उपयोग, आणि तो दरवर्षी लागणारा आहे. पंप घ्यायला गेलं की दुकानदार विचारतो, हेड किती? हेड म्हणजे पाणी किती उंच चढवायचं आहे ते. अंदाजाने लहान पंप घेतला तर पाणी वरच्या शेतात पोचत नाही. मोठा घेतला तर पैसे आणि वीज दोन्ही जास्त जातात.

तेच यंत्र घ्या. विहिरीच्या काठावर उभे राहा आणि दोरा ९० वर आणून समोरच्या चढाकडे आडवं बघा. नळीतून जमिनीची जी जागा दिसते, तिथे मुलाला दगड ठेवायला सांगा. आता त्या दगडाजवळ जाऊन उभे राहा आणि पुन्हा आडवं बघा. असं करत वरच्या शेतापर्यंत जा. किती वेळा पाहिलं ते मोजा. नऊ वेळा पाहिलं आणि डोळा ५ फुटांवर असेल, तर चढ ४५ फूट. उन्हाळ्यात विहिरीत पाणी काठापासून २० फूट खाली जात असेल तर ते मिळवा, म्हणजे ६५ फूट. मीटरमध्ये सुमारे २०. त्यात पाइपातल्या घर्षणाची भर दुकानदार पाइपाची लांबी आणि जाडी बघून घालेल. पण मूळ आकडा तुमच्या हातात असला पाहिजे.

बंधूंनो, झाड तोडताना एवढं तरी पाळा. उंची आधी मोजा. त्या उंचीच्या दुप्पट अंतरापर्यंत चहूबाजूंनी मुलंबाळं आणि जनावरं ठेवू नका. आणि मापाप्रमाणे झाड विजेच्या तारेपर्यंत पोचत असेल, तर वीज कंपनीच्या कचेरीत कळवून तार बंद झाल्याशिवाय हात लावू नका. दहा मिनिटांच्या मापाने जीव वाचतो.

येत्या रविवारी घरातल्या शाळेत जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला बरोबर घ्या. कंपासपेटी त्यांची, झाड आपलं. बांधावरची दोन झाडं मोजून वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच दिवशी पुन्हा मोजा, म्हणजे झाड किती वाढलं तेही कळेल. एकदा हात बसला की कोणाला विचारायला जावं लागणार नाही.